हायवेवरचा पाळणा

मला पाळण्याचं वेड. पुस्तकात आकाशपाळणा म्हणतात, आमच्याकडं नुसता पाळणा. घरात बाळाला झोपवतात तोही पाळणा आणि उरुसात गरगर फिरतो तोही पाळणाच. कुठला ते बोलण्याच्या ओघात समोरच्याला कळतं. कळतं, असं आपण धरून चालतो.

पहिल्यांदा बसले तो लाकडी होता, चार डब्यांचा, आजोळच्या उरुसात. दोन गडी हातानं ओढायचे. वेग कमी झाला की त्यातला एकजण वरच्या दांड्याला लोंबकळायचा आणि त्याच्या वजनानं पाळणा परत सुटायचा. माझी थोरली बहीण, आक्का, शेजारी डोळे मिटून आईच्या नावानं टाहो फोडत होती आणि मी हसत होते. खाली आल्यावर ती भडाभडा ओकली. मी म्हणाले, "मी अजून एकदा बसतो." आमच्याकडं बायकाही जातो-येतो-बसतोच म्हणतात. डी.एड.ला पुण्याच्या मुलींनी हसून हसून माझी ती सवय घालवली, पण रागात आणि दुखण्यात अजून बाहेर पडते.

आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव नाहीत. नवस नाही, अंगारा नाही, उपास नाही. उरुसाला जायचो ते भजी खायला आणि मी पाळण्यासाठी. वडील सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "आमची बाय निघाली बगा पाळण्याच्या दर्शनाला!" पुढं कोल्हापुरात मैदानावर विजेवर फिरणारे लोखंडी पाळणे यायला लागले, बल्बच्या माळा आल्या, मौत का कुआँ आला. ते सगळं महिन्याभरात उचलून दुसऱ्या गावाला जायचं आणि मैदानावर खड्डे राहायचे. एखादा पाळणा असा असावा की जो कुठं जाणार नाही, असं मला फार वाटायचं.

नव्वद सालानंतर तो आला. कागलकडं जाणाऱ्या हायवेला एका बागायतदारानं उसाचं रान मोडून पार्क काढला. लोक हसले. म्हणाले, "उसात पाळणा? वैरण कोण घालणार त्याला?" दारात सिमेंटचे दोन हत्ती, त्यातल्या एकाची सोंड पहिल्याच महिन्यात तुटलेली. आत छोटी झुकझुक गाडी, वेडेवाकडे आरसे, कोलंबस नावाचं झुलणारं होडकं, आणि मागं, उसाच्या कडेला, सोळा डब्यांचा पाळणा. एक डबा हिरवा, एक पिवळा. टपरीत भडंग, कांदाभजी, उसाचा रस. गाणी लावायला एकच टेपरेकॉर्डर, तोही पाळणेवाल्याचा स्वतःचा.

तो हळू फिरायचा. तेच मला आवडायचं. वर गेलं की एका अंगाला कोल्हापूरची घरं आणि दुसऱ्या अंगाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीची पत्र्याची शेडं एकेक उठताना दिसायची. पंचतारांकित म्हणे! माझा नवरा तिथं एका कारखान्यात फिटर होता, त्याच्या डब्यात रोज भाकरी आणि झुणकाच असायचा.

नवऱ्याला उंचीचं भ्या. लग्नानंतर पहिल्या रविवारी मी त्याला पार्कात नेलं. वर गेल्यावर दांडा घट्ट धरून, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तुला आवडतंय न्हवं? मग बसायचं." त्यानंतर दोन वर्षं जवळपास दर रविवारी आम्ही गेलो. तो मुलखाचा अबोल माणूस. घरात चार शब्द बोलायचे तर तीनच बोलायचा. पण पाळणा वर गेला की भीतीनं त्याचं तोंड सुटायचं. कारखान्यातलं, लहानपणचं, मेलेल्या वडलांचं, काय येईल ते बोलायचा. खाली आला की परत गप्प. मला त्याच्याबद्दल जे काही माहीत झालं ते सगळं त्या डब्यात बसून झालं.

पाळणेवाला कबनूरचा. आधी यंत्रमागावर काम केलेला, त्यामुळं कानानं जरा बहिरा आणि आवाजानं दणदणीत. पाळण्याचं एक तंत्र असतं ते मी त्याच्याकडून शिकले. माणसं कशीही भरायची नसतात. इकडं एक जाडा बसवला की समोरच्या बाजूला तेवढंच वजन पाहिजे, नाहीतर पाळणा एका अंगाला ओढतो. तो नुसत्या डोळ्यानं वजन करायचा. "पावणं, तुम्ही न्हाय, तुमची वहिनी बसूंदे तिकडं!" गर्दी नसली की रिकाम्या डब्यात वाळूची पोती टाकायचा. मी शाळेत मुलांना तराजू शिकवताना पाळणेवाल्याचं उदाहरण द्यायची.

शाळा माझी गारगोटीच्या रस्त्याला, जिल्हा परिषदेची. घरी सासूबाई, दीर आणि आम्ही दोघं, खोल्या दोन. कुजबुजलेलंही भिंतीपलीकडं कळायचं. म्हणून पाळी चुकून सव्वा महिना झाला तेव्हा मी ठरवलं की हे आधी नवऱ्याला सांगायचं, आणि पाळण्यात सांगायचं, अगदी वर गेल्यावर. सासूबाईंना नाही, आईला नाही, कुणाला नाही. चारपाच दिवस मी ती गोष्ट जिभेखाली लपवून ठेवली होती. मला हसू यायचं उगीचच.

बेंदराची सुट्टी होती. माणसं आपापल्या बैलांच्या मागं, पार्कात कुत्रं नाही. पाळणेवाला म्हणाला, "आज तुम्ही दोघंच हायसा. एका डब्यात बसू नगासा. पावणं, तुम्ही हितं बसा, बाईस्नी समोरच्या अंगाला बसवतो."

"पोती टाका की वाळूची," मी म्हणाले.

"पोती कुजली बाई, फाटून वाळू गेली. नवीन आणायची हाईत."

आता आलोच आहोत तर बसू या, म्हणून बसले. मी वर गेले की नवरा खाली, तो वर गेला की मी खाली. मध्ये दोघं सारख्या उंचीला आलो की तो माझ्याकडं बघून कसंनुसं हसायचा. एकदा वाटलं, ओरडून सांगावं. पण असली गोष्ट ओरडून सांगतात होय? म्हटलं, उतरल्यावर उसाच्या कडेनं चालत जाऊ, तेव्हा सांगू.

तेवढ्यात लाईट गेली. मी बरोबर वर होते, नवरा बरोबर खाली. भ्यालेला माणूस, जमीन पायाशी दिसली तसा दांडा उचलून उतरला. "उतरू नगासा पावणं!" असं पाळणेवाला ओरडेपर्यंत उतरलाच होता. समोरचं वजन गेलं आणि माझा डबा सुटला. खाली आला, पलीकडच्या बाजूला वर गेला, परत मागं खाली, परत वर. ब्रेक धरेपर्यंत पाचसहा वेळा. दर हिसक्याला लोखंडी दांडा माझ्या पोटात बसत होता आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "थांबवा! थांबवा!"

संध्याकाळी ओटीपोटात कळा सुरू झाल्या. सकाळपर्यंत सगळं अंथरूण भिजलं. दवाखान्यात सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "पोटुशी हुतीस व्हय गं? आणि तसलीच पाळण्यात बसलीस?" मी मान डोलावली.  नवरा दारात उभा होता. मूल होतं आणि गेलं, दोन्ही त्याला तिथं एकदमच कळलं. तो माझ्याकडं बघत राहिला, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. मग बाहेर गेला.

पिशवी साफ करायला मला आत नेलं. भूल दिली तरी मी पुरती झोपले नव्हते. डोक्यावर पंखा फिरत होता आणि मी अजून त्या डब्यातच होते, खाली-वर, खाली-वर. नर्स कानाशी काहीतरी विचारत होती. त्यातला "पाळणा" एवढा एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला. मी म्हणाले, "थांबवा. थांबवा की वो, मी पाया पडतो." ती म्हणाली, "बरं बरं, थांबवतो." कुणीतरी आपलं ऐकलं असं वाटून मला रडू आलं.

त्यानंतर आम्ही पाळण्यात बसलो नाही. कुणी बसू नको म्हणालं नाही. रविवार यायचा, नवरा स्कूटर पुसायचा आणि दिवसभर ती तशीच उभी असायची.

मग वाट बघणं सुरू झालं. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. दर महिन्याला चार दिवस आधीपासून माझा जीव टांगणीला लागायचा आणि दर महिन्याला पाळी यायची, तीही आधी कधी येत नव्हती इतकी जोरात. मी शाळेच्या मोरीत उभी राहून रडायची आणि तोंड धुऊन पाढे घ्यायला जायची. मला कारण माहीत होतं ना! त्या दांड्याच्या हिसक्यानं आत काहीतरी तुटलं होतं. मी तोडलं होतं. डॉक्टरकडं जाऊन काय विचारायचं? तो तेच सांगणार, आणि सगळ्यांसमोर सांगणार. एकदा आक्का मला ओढून घेऊन निघाली होती, मी स्टँडवरनं परत आले. शेजारच्या बायका म्हणायच्या, अमक्या झाडाला लाकडी पाळणा बांध, हमखास गुण येतोय. मी त्यांना म्हणायची, आमच्यात नवस नसतो, मी असल्या खुळचटपणावर विश्वास ठेवत नाही. विज्ञान शिकवणारी बाई मी! आणि पाळणा बाधला हे मात्र डोळे झाकून मानून बसले होते. कसली मी शिकलेली, कपाळ माझं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. वाईट बाई नव्हत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी एकदा जेवताना नवऱ्याला विचारलंच, "काय रं, पाळणा कधी हलायचा आपल्यात?" मी चुलीपाशी भाकरी थापत होते. नवरा ताटावरनं मान वर न काढता म्हणाला, "तिनं पाळणा थांबवलाय, आई. परत ह्यो विषय काढू नगंस." माझ्या हातातली भाकरी मोडली. मला वाटलं, बघा, अजून त्याच्या डोक्यातनं तो दिवस गेलेला नाही. बसायची थांबली आता, झालं ते झालं, असं आईला समजावतोय. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी तुटक वागायला लागल्या. बोलणं कामापुरतं. माझ्या हातचा चहासुद्धा थंड करून प्यायच्या. मी म्हटलं, बरोबरच आहे, नातू खाल्लाय मी त्यांचा.

पार्क मात्र मला सोडवेना. आमच्या शाळेची सहल दर जानेवारीत तिकडंच जायची आणि मीच न्यायची. मुलं आत सुटायची आणि मी पाळण्याखालच्या कट्ट्यावर साठ जोड चपला राखत बसायची. पार्क कसा बदलत गेला हे मालकानं बघितलं नसेल इतकं मी बघितलं. कुणी विचारत नाही म्हणून, नाहीतर तासभर सांगेन.

आधी बदलली ती माणसं. पाळणेवाला एका वर्षी नव्हता, परत कबनूरला मागावर गेला म्हणे. त्याला मला एकच विचारायचं होतं, माझ्यामुळं झालं का त्या पाळण्यामुळं, ते राहिलं. त्याच्या जागी टोपी घातलेली दोघं आली, शिट्टी वाजवायची, वजन-बिजन काही बघायची नाहीत. मग मालक बदलला. डब्यांचा हिरवा-पिवळा जाऊन सगळे गुलाबी झाले. मग ब्रेक डान्स आला, ड्रॅगन आला. ब्रेक डान्स म्हणजे काय, तर बसायचं आणि मानेचे मणके निखळेपर्यंत हिसके खायचे. वेग म्हणजे मजा असं यांना कुणी सांगितलं, काय माहीत. मुलं उतरायची ती भोवळ येऊन, आणि विचारलं काय बघितलंस, तर काही नाही. पाळण्यात बसलेलं मूल खाली येऊन सांगायचं, बाई, आमचं गाव दिसलं.

नंतर पाट्या आल्या. आमच्या वेळी पार्कात एकच पाटी होती, फुले तोडू नयेत. आता प्रत्येक खेळापुढं एक. एका जानेवारीत मी मुलांची रांग घेऊन पाळण्यापाशी गेले तर तिथं लाल अक्षरात, हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर महिलांनी बसू नये. मी ती तीनदा वाचली. इतकी वर्षं मनात होतं ते कुणीतरी पत्र्यावर रंगवून ठेवलं होतं. मागून तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, गरोदर म्हंजी काय वो?" मी तिच्यावर अशी ओरडले की ती परतीच्या गाडीत शाळेपर्यंत मुसमुसत होती. त्या पोरीची काय चूक? दुसऱ्या दिवशी मी तिला खडूंची पेटी दिली, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही.

दोन हजार सालानंतर पाणी आलं. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, भाड्याचे नायलॉनचे कपडे, कानठळ्या बसवणारं संगीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत म्हणून फाटकावर तपासणी. साठ पोरांच्या भाकऱ्या, चटणी, कुणाच्या आईनं पहाटे उठून केलेल्या दशम्या, सगळ्या पिशव्या काढून घेऊन बाजूला ढीग घातला. मी त्या फाटकावरच्या माणसाला म्हणाले, "ही पोरं तुमचा पिझ्झा खातील होय? ह्यांच्या बापाची दिवसाची हजेरी हाय तेवढी!" तो म्हणाला, "रूल हाय मॅडम." मी म्हणाले, "रूल गेला चुलीत." शेवटी आम्ही हायवेच्या कडेला धुळीत बसून जेवलो आणि मग आत गेलो. उसाचं रान केव्हाच गेलं होतं, तिथं लग्नाचं लॉन झालं होतं. पाळणा उभा होता पण फिरत नव्हता. लग्नात त्याच्यावर लायटिंग करायचे म्हणे. मुलं पाण्याकडं पळाली. पाळण्याकडं एकानंही बघितलं नाही आणि मी तिथंच कट्ट्यावर बसून राहिले.

मला सदतिसावं लागलं होतं तेव्हाची गोष्ट. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी खाली पडले. अंगात रक्तच नव्हतं. यावेळी आक्कानं माझं काही ऐकलं नाही, कोल्हापुरात एका डॉक्टरबाईंकडं नेऊन सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवलं आणि स्वतः बाहेर बसली.

डॉक्टरबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या, "तांबी कधी बसवली?"

"कसली तांबी?"

"मूल राहू नये म्हणून बसवतात ती. तुमच्या पिशवीत आहे की. बरीच जुनी दिसतेय."

मी चक्क हसले. म्हणाले, "बाई, दुसऱ्या कुणाचा तरी फोटो बघताय तुम्ही. मी मुलासाठी अकरा वर्षं तळमळतोय."

त्यांनी यंत्र थांबवलं. विचारलं, याआधी कधी पिशवी साफ केली होती का, तिथं कुणी काही विचारलं होतं का. आणि तेव्हा मला त्या नर्सचा आवाज आठवला. वाक्य आठवलं नाही, ते मी ऐकलंच नव्हतं. पण ते काय असणार हे मला पाठ होतं. कुटुंबकल्याणाच्या सर्व्हेला आम्हा शिक्षकांनाच दारोदार पाठवायचे. वही घेऊन मीच कितीतरी बायकांना विचारलं होतं, पाळणा लांबवायचा का थांबवायचा? एकाही बाईला त्यात उरुसातला पाळणा दिसला नसेल. मलाच दिसला.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "पाळण्यात बसल्यानं मूल जातं का हो?"

"कुठल्या पाळण्यात?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. इतक्या लवकरचं जातं ते बहुतेक वेळा आतूनच टिकणारं नसतं. तुम्ही घरी झोपून राहिला असता तरी गेलं असतं."

"मग ती पाटी?"

"पाटी सावधगिरीची असते."

मी विचारलं, आता काढली तर? त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "काढायलाच पाहिजे, त्यानंच तुमचं रक्त जातंय. पण आत जुनी सूज आहे, दोन्ही नळ्यांत पाणी झालंय. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही." काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इंजेक्शनच्या सुईएवढी ती तार, काळी पडलेली. स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी त्यांना म्हणाले, एकदा हातात द्या. त्या नको म्हणाल्या.

आक्काला मी स्टँडवर सोडलं आणि घरी न जाता कागलच्या वडापच्या जीपमध्ये बसले. कशाला, ते मला विचारू नका. अकरा वर्षं त्या पाळण्याला शिव्या दिल्या होत्या, एकदा त्याच्यापुढं उभं राहायचं होतं. फाटकावरनं आत बघितलं तर लॉनवर मांडव चालला होता आणि मागं आभाळ मोकळं. चार बोल्ट वर आलेला सिमेंटचा चौथरा तेवढा होता. रखवालदार म्हणाला, "पाळणा व्हय? दिवाळीच्या आधीच मोडीत घातला की मॅडम. गॅस कटरनं तोडून ट्रक भरून नेला." मी म्हणाले, त्याची काही चूक नव्हती. तो म्हणाला, "कुणाची?" मी मागं फिरले.

चार वाजता नवरा पहिल्या पाळीवरनं आला. आत्या माजघरात पडल्या होत्या. तो हातपाय धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून पुढच्या खोलीत बसला आणि मी उभ्या उभ्याच सांगितलं. चक्कर, डॉक्टरबाई, तांबी, नळ्या, सगळं. मला वाटलं तो दचकेल, ओरडेल, त्या दवाखान्यात जाऊन टेबल उलथं करेल. तो खाली बघत होता.

म्हणाला, "तुला ठावं नव्हतं?"

मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ठावं हुतं?"

"सही मीच केली की," तो म्हणाला. मग त्याचं तोंड सुटलं. इतक्या वर्षांत जमिनीवर बसून तो पहिल्यांदाच असा बोलत होता, आणि पाळण्यात बोलायचा तसाच, खाली न बघता, भराभरा. "पडद्याच्या भाईर उभा हुतो मी. नर्सनं तुला इचारलं आणि तू म्हणालीस थांबवा. दोनदा म्हणालीस. पाया पडतो म्हणालीस. पोटात हाय हे मला सांगितलं न्हाईस आणि पाळण्यात बसलीस. मला वाटलं, हिला माझं मूल नकोच हाय. पाडायसाठनंच बसली. नर्सनं तांबीचा कागद फुडं केला, मी सही केली. म्हटलं, नको असंल तर बळं कशाला करायचं? आईलाबी तेच सांगितलं."

"आणि एवढी वर्षं एकदा विचारावं वाटलं नाही?"

"तू तरी कुठं काय बोललीस?"

मी त्याला सांगितलं. सव्वा महिना झाला होता, तुम्हालाच आधी सांगायचं होतं, वर गेल्यावर सांगायचं होतं, पाळणेवाल्यानं आपल्याला वेगळं बसवलं. भुलीत मी त्या पाळण्याला थांबवा म्हणत होतो. मी बसतो-उठतो, जातो-येतो करत बोलत होते आणि मला त्याचं भान नव्हतं. आतून आत्यांनी हाक मारली, काय झालं रं?  त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, परत मोडली.

"म्हंजी तुला पायजे हुतं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"मलाबी," तो म्हणाला.